घरी बांधलेल्या गो-कार्टला रिव्हर्स हवाय – कोणता गिअरबॉक्स घ्यावा?

चाकवेडा

नमस्कार मंडळी,

दोन माणसं शेजारी-शेजारी बसतील असा गो-कार्ट बांधायला घेतलाय. चौकट वेल्ड करून झाली, पुढची चाकं आणि स्टिअरिंग लागलं. आता इंजिनापासून मागच्या एक्सलपर्यंतचं काम उरलंय आणि रिव्हर्सपाशी अडलोय.

जमवलेलं सामान असं : १९६ सीसीचं आडव्या शाफ्टचं फोर-स्ट्रोक इंजिन, गव्हर्नर (कमाल फेरे बांधून ठेवणारा) ३६०० आरपीएमला, शाफ्ट १९.०५ मिमी, कीवे (की, म्हणजे धातूची लहान पट्टी, बसायची खाच) असलेला. मागे अखंड एक्सल, डिफरन्शियल (वळताना दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारा) नाही. एक्सलवर ६० दातांचं स्प्रॉकेट, टायरचा व्यास १८ इंच. एक सेंट्रिफ्यूगल क्लच (इंजिनाचे फेरे वाढले की आपोआप पकडणारा) आहे, पण तो वापरलाच पाहिजे असं काही नाही.

रिव्हर्स कशाला, हा प्रश्न येणारच म्हणून आधीच सांगतो. एकट्याचा हलका कार्ट असता तर उतरून मागे ओढला असता. हा रिकामाच ११० किलोच्या घरात जाईल, दोघं बसले की अडीचशे. अखंड एक्सलमुळे वळायला जागाही जास्त लागते. चढावर नाक भिंतीला लागलं तर दोघांनी उतरून ढकलायचं, हे मला नकोय.

वाचलेले पर्याय : बाहेरून लावायचा फॉरवर्ड-न्यूट्रल-रिव्हर्स बॉक्स, आतच रिव्हर्स असलेलं बग्गीचं १५० सीसी इंजिन, गवत कापायच्या ट्रॅक्टरचा ट्रान्सअ‍ॅक्सल, आणि रिक्षाचं इंजिन गिअरबॉक्ससकट. कुठला घ्यावा आणि का, ते सांगा.

जुनाफिटर

चांगला धागा. चौकट झाल्यावर का होईना, इंजिनाची पाटी वेल्ड करायच्या आधी विचारलंत हे उत्तम.

आधी क्लचबद्दल. या वर्गातल्या इंजिनाचा टॉर्क २५०० आरपीएमला साधारण १२.४ न्यूटन-मीटर. क्लचवर १० दातांचं स्प्रॉकेट धरलं तर एक्सलवरच्या ६० दातांशी सहास एक. एक्सलवर ७४ न्यूटन-मीटर, म्हणजे टायरपाशी जेमतेम ३२५ न्यूटनचा जोर. अडीचशे किलोला हा जोर कागदावर १३ टक्क्यांच्या चढापर्यंत पुरेल, प्रत्यक्षात त्याहून कमी. चढावरून मागे यायला क्लच बराच वेळ घसरत राहील आणि जळेल. दोन माणसांच्या कार्टला तो नकोच.

त्याऐवजी बेल्टचा टॉर्क कन्व्हर्टर घ्या, म्हणजे दोन पुल्या आणि बेल्ट, गुणोत्तर आपोआप बदलणारा, ज्याला बरेच जण नुसतं सीव्हीटी म्हणतात. या इंजिनांसाठी जो सर्रास मिळतो तो सुरुवातीला साधारण २.७ ला १ आणि वेगात ०.९ ला १ असतो. तेच ६० दात ठेवले तर सुटताना एकूण १६.२ ला १. टायरवर सुमारे ८८० न्यूटन, पहिल्याच्या पावणेतीन पट. वरचा वेग ३६०० आरपीएमला हिशेबाने ५७ किमी येतो. घरच्या कार्टला तो जास्तच आहे, एक्सलवर ७२ दात लावले तर ४८ होईल. मी ७२ लावेन.

आणि रिव्हर्ससाठी बाहेरचा एफ-एन-आर बॉक्स. कन्व्हर्टरच्या नंतर आणि एक्सलच्या आधी. ही जागा बदलू नका.

टॉर्कमीटर

जागेबद्दल थोडं वेगळं मत. बॉक्स कन्व्हर्टरनंतर लावला तर त्याला २.७ पट टॉर्क सोसावा लागतो, ३३ न्यूटन-मीटरच्या वर. तोच इंजिन आणि कन्व्हर्टर यांच्यामध्ये बसवला तर फक्त १२.४. मग लहान, हलका बॉक्स चालेल. शिवाय फिरणारं वजनही इंजिनाजवळ राहतं. असं का करू नये?

जुनाफिटर

टॉर्कचा हिशेब बरोबर आहे, पण कन्व्हर्टर उलटा फिरवता येत नाही. मागची पुली उघडून बघा. तिच्या दोन तबकड्यांमध्ये स्प्रिंग असते आणि एका तबकडीच्या बुडाला तिरक्या उतारांचा कॅम असतो. गाडीवर लोड आला की बेल्ट त्या तबकडीला पुढे ओढतो, ती उतारावर चढते आणि बेल्ट आणखी घट्ट आवळला जातो. लोड जितका जास्त तितकी पकड जास्त, आणि खालचं गिअरिंगही टिकून राहतं. हा उतार एकाच दिशेचा असतो. उलटं फिरवलं की आवळणारं कोणी उरत नाही, नुसत्या स्प्रिंगच्या जोरावर बेल्ट चालतो. रिव्हर्समध्ये चढ आला की बेल्ट घसरेल आणि रबराचा वास येईल.

दुसरं कारण गिअर टाकण्याचं. बॉक्स थेट इंजिनाच्या शाफ्टवर असेल तर इंजिन चालू असताना त्याचा आतला शाफ्ट कधीच थांबणार नाही. प्रत्येक वेळी इंजिन बंद करून गिअर टाकावा लागेल. कन्व्हर्टरनंतर असेल तर आयडलला बेल्ट सुटलेला असतो आणि बॉक्सचा इनपुट उभा राहतो.

टॉर्कमीटर

कॅमचा मुद्दा पटला. कन्व्हर्टरनंतरच. मग बॉक्स घेताना त्यावर लिहिलेली टॉर्कची मर्यादा २.७ ने गुणलेल्या आकड्याशी ताडून बघायची, इंजिनाच्या आकड्याशी नाही.

वेल्डिंगवाला

१५० सीसीच्या बग्गी इंजिनाबद्दल मी लिहितो, कारण माझ्या कार्टवर तेच आहे. १५७क्यूएमजे, म्हणजे जीवाय६ घराण्यातलं. बोअर ५७.४, स्ट्रोक ५७.८, मिळून १४९.६ सीसी. स्कूटरवर येतं त्यात रिव्हर्स नसतो, बग्गीसाठी येतं त्याच्या मागच्या गिअर केसमध्ये असतो. जुनाफिटर यांनी सांगितलेली मांडणीच आत बसवलेली आहे : आधी बेल्ट, मग सेंट्रिफ्यूगल क्लच, त्यानंतर पुढे-मागेचे गिअर. गिअर तेलात बुडालेले, लीव्हर एक, जोडायच्या चेन कमी. सेल्फ-स्टार्ट असतोच.

नवीन सुरुवात करणाऱ्याला मी डोळे झाकून हेच सांगेन. पण चाकवेडा, तुमच्याकडे इंजिन आधीच आहे आणि हे लांबट असतं. सीव्हीटीचं कव्हर धरून मागे बरीच जागा खातं, हवेने थंड होणारं असल्याने पंख्याभोवतीचं आच्छादन काढून चालत नाही. आसनामागे किती जागा आहे?

चाकवेडा

आसनाच्या पाठीपासून एक्सलपर्यंत ४३० मिमी. एक्सलच्या मागे चौकट अजून १५० मिमी आहे.

वेल्डिंगवाला

मग माझं इंजिन तुमच्याकडे मावणार नाही, चौकट कापावी लागेल. असलेलं इंजिन ठेवा.

हिरवळ

लॉन ट्रॅक्टरच्या ट्रान्सअ‍ॅक्सलचा पर्याय इतक्या लवकर सोडू नका. पाच-सहा पुढचे गिअर, एक रिव्हर्स, डिफरन्शियल आणि बऱ्याचदा ब्रेकसुद्धा एकाच डब्यात. जुन्या ट्रॅक्टरमधून निघतो. डिफरन्शियल मिळालं की वळणाचा त्रासही संपला.

जुनाफिटर

ज्याला १५ किमीच्या आत हिंडायचंय आणि ओझं ओढायचंय त्याच्यासाठी तो छान आहे. कार्टसाठी तीन अडचणी. तो ट्रॅक्टरला सर्वात वरच्या गिअरमध्ये ८-९ किमी वेग देण्यासाठी बनलेला असतो. पुली बदलून पाचपट वेगाने फिरवला तर आतल्या बुशिंगांना आणि ग्रीसला ते झेपत नाही. बहुतेकांत गिअर सरकत्या चावीने लागतात, म्हणजे गाडी उभी करूनच बदलायचे, धावताना बदलले की चावीचे कोपरे झिजतात. आणि त्याची इनपुट पुली वरच्या अंगाला, उभ्या शाफ्टवर असते. ट्रॅक्टरचं इंजिनही उभ्या शाफ्टचं, म्हणून तिथे बेल्ट सरळ जातो. तुमचा शाफ्ट आडवा. बेल्टला पीळ द्यावा लागेल किंवा मध्ये काटकोनी गिअरबॉक्स.

हायड्रोस्टॅटिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारी जात तर घेऊच नका. पेडलने पुढे-मागे फार सुरेख जाते, पण तेल फिरवण्यात बरीच शक्ती उष्णतेत जाते, आणि साडेपाच-सहा अश्वशक्तीच्या इंजिनाकडे वाया घालवायला काही नाही.

तीनचाकी

रिक्षाचं मी सांगतो. चार पुढचे, रिव्हर्सचा वेगळा लीव्हर, डिफरन्शियल आतच आणि दोन्ही बाजूंना हाफ शाफ्ट. बग्गीसाठी यापेक्षा मजबूत काही नाही. पण गिअरबॉक्स एकटा काढून तुमच्या इंजिनाला जोडता येणार नाही, इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच केसिंगमध्ये असतात. घ्यायचं तर सगळं एकत्र, आणि मग हाफ शाफ्टसाठी मागच्या चाकांना वेगळे हब, वेगळं सस्पेन्शन. तुमची अखंड एक्सलची चौकट त्यासाठी नाही. पुढची गाडी बांधाल तेव्हा आठवण ठेवा.

विजेरी

गिअरबॉक्सशिवायही रिव्हर्स मिळतो. मोटरसायकलमध्ये होंडाने १९८८ च्या गोल्डविंग जीएल१५०० ला स्टार्टर मोटरच्या जोरावर मागे जायची सोय दिली होती. घरच्या कार्टवर त्याच धर्तीवर एक लहान डीसी मोटर एक्सलच्या दुसऱ्या स्प्रॉकेटवर लावतात. मोटरच्या टोकाला सरकणारं पिनिअन, बटण दाबलं की दातात शिरतं. वेग चालण्याइतकाच, त्यामुळे सुरक्षित. इंजिन न्यूट्रलला किंवा आयडलला हवं, एवढंच.

आणि पूर्ण इलेक्ट्रिक कार्ट असेल तर प्रश्नच मिटतो. ब्रशलेस मोटरच्या बहुतेक कंट्रोलरना रिव्हर्सची वायर असते, मागचा वेगही वेगळा मर्यादित करता येतो. मात्र गाडी धावत असताना स्विच उलटा टाकायचा नाही, करंट एकदम चढतो.

चाकवेडा

विजेरी, तुमचा उपाय मोहात पाडणारा आहे, पण बॅटरी, चार्जिंग, जाड वायरी हे सगळं फक्त रिव्हर्ससाठी वाढेल. माझ्या इंजिनाला चार्जिंग कॉइल नाही, दोरी ओढून सुरू होतं.

तर कन्व्हर्टर + एफ-एन-आर बॉक्स असं ठरत आलंय. बॉक्स विकत घेताना काय बघायचं?

जुनाफिटर

हातात घेऊन फिरवून बघा. लीव्हर एफला टाका, इनपुट शाफ्ट हाताने फिरवा, आउटपुट कुठल्या दिशेने फिरतो ते पाहा. काही बॉक्समध्ये पुढचा मार्ग चेनमधून आणि मागचा गिअरच्या जोडीतून जातो, काहींत उलटं. दोन गिअर एकमेकांत बसले की दिशा बदलते, चेनमध्ये बदलत नाही, हे सूत्र धरलं तर फसगत होणार नाही. तुमचं इंजिन शाफ्टकडे तोंड करून पाहिलं तर घड्याळाच्या उलट फिरतं. म्हणून शाफ्ट गाडीच्या डाव्या अंगाला ठेवला की चाकं पुढे जातात. बॉक्सने एफमध्ये दिशा फिरवली तर ही बाजू बदलावी लागेल. नुसती लीव्हरवरची अक्षरं बदलून भागवू नका, कारण पुष्कळ बॉक्समध्ये दोन्ही बाजूंचं गुणोत्तर सारखं नसतं आणि दिवसभर चालणारी बाजू मजबूत हवी.

मग न्यूट्रलला टाका. आउटपुट शाफ्ट मोकळा, न खरखरता फिरायला हवा. लीव्हर सोडल्यावर तिन्ही जागी खटका बसतो का ते पाहा. खटका ढिला असेल तर खड्ड्यात गिअर सुटतो. आत कुत्रा-क्लच असेल, म्हणजे खाचा-दात एकमेकांत अडकणारा, तर दातांचे कोपरे गोल झालेत का तेही बघा.

गतीमर्यादा

इतका वेळ सगळे गिअरबॉक्सबद्दल बोलताहेत. मला वाटतं, खरा प्रश्न बॉक्सच्या पुढच्या सामानाचा आहे. रिव्हर्स नसलेल्या कार्टमध्ये प्रत्येक भाग एकाच दिशेचा विचार करून बसवलेला असतो. बॉक्स लावल्या दिवशी ते सगळे भाग उलटे चालायला लागतात.

ब्रेक. चाकवेडा, तुमचा ब्रेक कसला आहे? ड्रमभोवती पट्टा असेल तर नीट वाचा. पट्टा-ब्रेक पुढे जाताना स्वतःच आवळला जातो, कारण ड्रम पट्ट्याच्या सैल टोकाला आत ओढतो. उलट दिशेत तोच ड्रम पट्टा सैल करतो. घर्षणांक ०.३ आणि पट्ट्याचा ड्रमला पाऊण वेढा धरला तर पायाच्या तेवढ्याच जोराला मागे जाताना ब्रेक चौथ्या हिश्श्याएवढाच लागतो. उतारावरून मागे घरंगळताना हे कळणं फार वाईट. रिव्हर्स लावायचा तर डिस्क ब्रेकच लावा, तो दोन्ही दिशांना सारखा.

आणि डिस्क एक्सलवर. जॅकशाफ्टवर (कन्व्हर्टरची मागची पुली ज्यावर असते तो मधला शाफ्ट) किंवा बॉक्सच्या इनपुटकडे लावली तर न्यूट्रलमध्ये चाकांना ब्रेकच राहत नाही. पायाखाली पेडल घट्ट लागेल आणि गाडी चालतच राहील. चेन तुटली तरी तेच.

चेनचा टेन्शनर. स्प्रिंगवाला रोलर नेहमी सैल पदरावर असतो. रिव्हर्समध्ये तोच पदर ओढणारा होतो, रोलर मागे ढकलला जातो, दुसरा पदर लोंबतो आणि चेन दात सोडते. स्प्रिंग काढा. इंजिन आणि बॉक्स सरकवून ताण द्या.

आट्यांवर फिरवून बसवलेलं स्प्रॉकेट असेल तर ते उलट जोराने सुटून येतं. फ्री-व्हील असेल तर मागे जोर पोचणारच नाही. सगळी स्प्रॉकेट की आणि ग्रब स्क्रूवर हवीत, कीवेत की हलता कामा नये. दर वेळी पुढे-मागे केलं की ढिली की कीवेच्या दोन्ही भिंतींवर आपटते.

स्टिअरिंग. पुढे जाताना कॅस्टरमुळे, म्हणजे चाकं ज्या खुंटीवर वळतात तिच्या मागे झुकलेल्या कलामुळे, चाकं आपोआप सरळ होतात. मागे जाताना तोच कॅस्टर त्यांना वळवायला बघतो. हळू असाल तर हाताला नुसतं जाणवतं, वेगात असाल तर चक्र हातातून सुटतं. आता लक्षात घ्या की कन्व्हर्टरला आपण मागे चाललोय हे माहीत नसतं, तो रिव्हर्समध्येही वरच्या गुणोत्तरात जातो. बॉक्स एकास एक असेल तर कागदावर तुमचा कार्ट मागेही ४८ किमीने जाईल.

चाकवेडा

ब्रेक पट्ट्याचाच होता, आणि जॅकशाफ्टवर लावणार होतो. हा प्रतिसाद वाचून एक्सलवर डिस्कसाठी जागा मोजली, बसतेय.

मागचा वेग कसा आवरायचा?

गतीमर्यादा

लीव्हरला जोडून एक साधी आडवी पट्टी. लीव्हर आर मध्ये गेला की पट्टी पेडलच्या वाटेत येते आणि पेडल थोडंच दाबलं जातं. इंजिन २२०० आरपीएमच्या पुढे जाणार नाही असा अडथळा लावा. कन्व्हर्टर २.७ वर असताना, पुढे ७२ दात धरून, वेग दहा किमीच्या आतच राहतो. चढावर तेवढ्याने इंजिन दमलं तर पट्टी थोडी घासून कमी करा.

टॉर्कमीटर

+१. माझ्याकडून एक भर, चेनची. बॉक्सच्या आउटपुटवर १० दातांचं स्प्रॉकेट असेल तर ३५ नंबरच्या चेनवर सुटताना जवळपास २२०० न्यूटन ओढ येते, ४० नंबरवर १६०० च्या आसपास, कारण त्याच दातांचं स्प्रॉकेट मोठ्या व्यासाचं होतं. ४० ची ताकदही मुळात जास्त. पुढे-मागे करताना बसणारे झटके वेगळेच. बॉक्स ते एक्सल ४० नंबर किंवा ४२० घ्या. दोन्हींचा पिच अर्धा इंच, १२.७ मिमी, पण रुंदी वेगळी असते, तेव्हा स्प्रॉकेट त्या-त्या चेनचंच हवं. इंजिनाकडची पहिली चेन ३५ ची राहिली तर चालणार नाही, कारण तीही कन्व्हर्टरनंतरच आहे, २.७ पट टॉर्क तिच्यावरही येतो.

नवखा_कार्टर

मध्येच विचारतो. माझ्या कार्टवर हीच जोडणी आहे, पण एफ मधून आर मध्ये टाकताना कर्रकर्र आवाज येतो आणि कधी कधी गिअर पडतच नाही. ब्रेक पूर्ण दाबून धरला तरी. बॉक्स गेला का?

जुनाफिटर

बहुधा बॉक्स ठीक आहे. ब्रेक एक्सलला धरतो, बॉक्सच्या इनपुटला नाही. इंजिन आयडलला असताना मागची पुली फिरतेय का ते बघा. फिरत असेल तर बेल्ट पुढच्या पुलीत पूर्ण सुटत नाहीये. आधी आयडल तपासा. या इंजिनांना १४०० च्या आसपास पुरतं, पण लोक इंजिन बंद पडू नये म्हणून स्क्रू पिळून १८००-२००० वर ठेवतात, आणि तिथे कन्व्हर्टर पकडायला लागतो. आयडल खाली आणूनही पुली फिरत असेल तर दोन शाफ्टमधलं अंतर चुकलंय किंवा बेल्ट दुसऱ्या मापाचा आहे. पुढच्या पुलीतलं बेल्टखालचं बेअरिंग जाम झालं असेल तरी असंच होतं, ते हाताने फिरवून बघा.

गिअर टाकायची रीतही सांगतो. गाडी पूर्ण उभी, पाय थ्रॉटलवरून उचलला, दोन क्षण थांबायचं, मग लीव्हर एका दमात सरकवायचा. दात समोरासमोर आले तर पडत नाही, तेव्हा जोर लावायचा नाही. किंचित रेस देऊन सोडा, शाफ्ट थोडा फिरतो आणि पुढच्या वेळी पडतो.

नवखा_कार्टर

आयडल १९०० निघाला. खाली आणला, आता पुली उभी राहते आणि गिअर अलगद पडतो. आभार.

चाकवेडा

सगळ्यांचे मनापासून आभार. ठरलं ते असं : टॉर्क कन्व्हर्टर, त्यानंतर एफ-एन-आर बॉक्स, दोन्हीकडे ४० नंबर चेन, एक्सलवर ७२ दात, एक्सलवरच डिस्क, पेडलला रिव्हर्सची पट्टी. ४३० मिमीत बॉक्स एक्सलच्या पुढे आणि इंजिन त्याच्या पुढे बसतंय, मोजून पाहिलं.

शेवटचा प्रश्न. बॉक्सची पाटी चौकटीला थेट वेल्ड करू का? बॉक्सला बसणारा जोर पाहता बोल्टवर भरवसा ठेवावा का, अशी शंका येतेय.

वेल्डिंगवाला

वेल्ड करू नका, नाहीतर चेन ताणणार कशी? ८ मिमी जाडीची पाटी घ्या, तिला पुढे-मागे लांबट खाचा पाडा, चार १० मिमी बोल्ट, खाली जाड वॉशर आणि नायलॉकचे नट. बॉक्सच्या मागे आणि पुढे, दोन्हीकडे एकेक ढकलबोल्ट ठेवा, म्हणजे कुठल्याही दिशेच्या जोराने पाटी सरकणार नाही. नुसता मागून एकच ठेवाल तर रिव्हर्सच्या झटक्यांनी ती सरकू शकते.

ताण द्यायचा क्रम पक्का ठेवा. आधी बॉक्स सरकवून एक्सलची चेन ताणायची आणि बॉक्सचे बोल्ट आवळायचे. नंतर इंजिनाची पाटी सरकवून पहिली चेन. कन्व्हर्टरची मागची पाटी इंजिनालाच पकडलेली असते, त्यामुळे इंजिन हलवलं तरी बेल्टचं अंतर बदलत नाही. उलट क्रमाने केलंत तर बॉक्स हलला की पहिली चेन पुन्हा बिघडेल. चेन मधोमध बोटाने दाबली की १० ते १२ मिमी हलायला हवी, आणि एक्सल पूर्ण एक फेरा फिरवून सगळीकडे तपासा, कारण मोठं स्प्रॉकेट क्वचितच अगदी गोल बसलेलं असतं.

पहिल्यांदा सुरू करताना मागची चाकं स्टँडवर उचलून ठेवा. एफ, एन, आर, तिन्ही जागी आयडलला चाकं उभी राहतात का ते बघा, आणि मगच जमिनीवर उतरवा.